बारीक टायरवाल्या मुकुंदास

मुकुंदा,

तू गेल्यापासून तुझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकलं आहे, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय की काय अशी शंका यावी. तुझ्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता, साहेब फार समजूतदार होते, साहेबांनी कधी कुणाशी वाद घातला नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. बँकेत नसशील घातला. सायकलच्या टायरवरून माझ्याशी जी हुज्जत तू इतकी वर्षं घातलीस, ती बँकेत घातली असतीस तर त्यांनी तुला मुदतीआधीच घरी पाठवलं असतं.

म्हणून हे लिहितोय. आरती ओवाळायला बाकीचे आहेतच. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हा नियम साडूंना लागू नसावा. आपण काही एकमेकांना निवडलं नव्हतं. दोघी बहिणींचे नवरे म्हणून एकमेकांच्या वाट्याला आलो. अमळनेरच्या सासरेबुवांनी जावई बहुधा मापं घेऊन शोधले होते. उंची सारखी, चपलेचं माप सारखं, फक्त तुझं डोकं तेवढं तपासायचं राहून गेलं. नोकऱ्याही दोघांच्या सुरतेतच निघाल्या. मी उधन्यात मराठी शाळेत मास्तर, तू अडाजणला बँकेत साहेब. सणावाराला एका पंक्तीत बसायचं आणि एकमेकांना नावं ठेवायची, यात संसार निघून गेला.

आधी तुझ्या जाण्याबद्दल. जन्मभर वेगाच्या गप्पा मारल्यास, आणि गेलास कुठून, तर घरातल्या झोपाळ्यावरून. दुपारचं जेवण झालं, मंदाने बडीशेप आणून दिली, ती भांडी आवरून बाहेर येईपर्यंत तू नव्हतास. झोपाळा म्हणे अजून हलत होता. दिवसभर हलूनही जी वस्तू कुठे पोचत नाही, तिच्यावरून तू पोचलास. आदल्याच रविवारी मी तुला म्हणालो होतो, की या टायरपायी तू एक दिवस इच्छापोरच्या खड्ड्यात आपटून मरशील. तेवढंही माझं खरं होऊ दिलं नाहीस.

तुझ्या त्या शनिवारच्या सायकलवाल्यांनी मोबाइलवर तुझा फोटो फिरवला. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली ती चड्डी, खाली इंग्रजीत, राइड इन पीस. एकाने कळवलं, साहेबांच्या स्मरणार्थ आपण डुमसपर्यंत राइड काढू, परतताना लोचो खाऊ. दुसऱ्याने विचारलं, लोचो चीजवाला की साधा. त्यावर जी चर्चा झाली ती तुझ्यावरच्या चर्चेपेक्षा लांबली. ही तुझी माणसं. मी त्यांच्यात कधी आलो नाही, यावरून तू मला माणूसघाणा म्हणायचास. आता सांग.

पण मुद्द्याचं बोलू. मुद्दा टायरचा होता आणि तो तू अर्धवट सोडून पळालास.

निवृत्त झाल्यावर तुला साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. माणूस चालायला जातो. तू रेसची सायकल आणलीस. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, सीट अशी की बसणाऱ्याने आधी मन घट्ट करावं, आणि टायर पंचवीस मिलिमीटरचे. माझ्या अंगठ्याएवढे. त्यात तू पंपाने इतकी हवा ठोसायचास, की बोटाने दाबलं तर बोट दुखावं. मी हात लावून पाहिला आणि विचारलं, "हे टायर आहेत की बांगड्या?" तू दुखावलास. मग पंधरा दिवसांनी मी माझी सायकल घेतली; साधं सरळ हँडल, मागे कॅरियर, चाळीसचे जाडजूड टायर, हवा बेताची. तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस, नाक मुरडलंस आणि म्हणालास, "मास्तर, हा तर रेडा आहे." त्या दिवसापासून माझ्या सायकलचं नाव रेडा पडलं. माझ्या बायकोने, शैलानेही, तेच उचललं. रेडा पुसला का, रेडा आत घेतला का.

तुझं तत्त्वज्ञान मला आता पाठ आहे. टायर जितका बारीक आणि कडक तितका रस्त्याला कमी चिकटतो. कमी चिकटला की कमी घासतो. कमी घासला की सुसाट. ऐकायला छान होतं. काचेच्या फरशीवर खरंही असेल. पण तू काय काचेच्या फरशीवर राहत होतास? तू सुरतेत राहत होतास, जिथे एका बाजूने रस्ता करत येतात आणि दुसऱ्या बाजूने पाइप टाकायला खणत येतात, आणि मध्ये दोघांची गाठ पडते तिथे आपण सायकल चालवतो. मी तुला कागदावर काढून दाखवलं होतं, की कडक टायर दगडावर गेला की उडतो, आणि उडालेलं चाक माणसाला पुढे नेत नाही, वर नेतं. जाड टायर तोच दगड पोटात घेतो आणि पुढे सरकतो. म्हणजे खराब रस्त्यावर रेडाच पुढे. हे गणित मी सातवीच्या मुलांना समजावलं असतं तर त्यांना समजलं असतं.

तुला समजत होतं. तेच तर. तुझ्या अडाणीपणाची मला चीड नव्हती, तुझ्या त्या हसण्याची होती. सगळं ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "मास्तर, रस्ता वाईट आहे म्हणून आपण टायर वाईट घ्यायचा का? रस्ता कधीतरी होईल चांगला. माझी तयारी आहे." म्हणजे जो रस्ता झालेलाच नाही, त्याच्यासाठी साहेब टायर लावून तयार. आणि तोवर? तोवर हाडं खिळखिळी. घरी येऊन मंदाकडून पाठीला मलम चोळून घ्यायचास, मला कळणार नाही अशा बेताने. पण बहिणी बहिणींपासून काही लपवत नाहीत.

आणि ते वजनाचं वेड. वेग हवा म्हणून तू सायकलवरून एकेक वस्तू उतरवत गेलास. आधी घंटी गेली. मग स्टँड गेलं, मग सायकल भिंतीला टेकवायला भिंती शोधत फिरायचास. मग मडगार्ड काढलंस आणि पावसाळाभर पाठीवर चिखलाची रेघ ओढून घेतलीस. पाण्याची बाटली अर्धीच भरायचास. सीटखाली ती मुठीएवढी काळी पिशवी होती, तिच्या पट्ट्याचं लोंबतं टोकसुद्धा कात्रीने कापलंस. मी म्हटलं, "मुकुंदा, पोटावर जे घेऊन फिरतोस त्यातलं चार मूठ उतरव, घंटी परत लावता येईल." तू आठवडाभर बोलला नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ती जात तुझी.

पंक्चर झालं तर लागणारी जास्तीची ट्यूब मात्र तू कधी बरोबर घेतली नाहीस. ट्यूब म्हणजे वजन. आणि पंक्चर तर तुलाच व्हायचं. इच्छापोरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक-टेम्पोंतून तारांचे तुकडे, पत्र्याचे टवके पडलेले असतात. तुझ्या त्या बांगड्यांना ते बरोबर सापडायचे. साहेब सुसाट पुढे निघून जायचे, आणि मी मागून आपल्या चालीने येत असताना खिशात फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मास्तर, इच्छापोर." बस, एवढंच. मग मी यायचो, माझ्या पिशवीतून तुझ्या मापाची ट्यूब काढायचो, पंप काढायचो, आणि तू माझ्याच सायकलच्या कॅरियरवर हात टेकून मला सांगायचास की आज सरासरी वेग किती लागला. तुझ्या चाकाची ट्यूब माझ्या पिशवीत असायची याची तुला कधी लाज वाटली नाही. माझ्या टायरला या सगळ्या वर्षांत एकदाही पंक्चर झालं नाही, हे मी दर खेपेला ऐकवायचो. तू मान डोलवायचास. कोपऱ्यावरचा चहावाला तर तुला ओळखायचाच पंचरवाले साहब म्हणून.

त्या शेवटच्या रविवारी त्याच टपरीवर बसून तू म्हणालास, "एकदा अदलाबदल करू. तू माझी चालव, मी रेडा चालवतो. मग बोलू."

हे काही तू पहिल्यांदा म्हणत नव्हतास. मी दर वेळी म्हणायचो ते म्हणालो, "मला माझी कंबर प्यारी आहे." तू चहाचा ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, "भितोस." मी म्हणालो, "कशाला भिऊ?" तू म्हणालास, "आवडली तर काय करशील, याला." मग तू उठून गेलास. माझं उत्तर तयार होतं, चांगलं होतं, मी ते पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलं. मंगळवारी तू झोपाळ्यावर बसलास.

आता पुढचं ऐक. हे तुला कुणी सांगणार नाही.

दहाव्याला बमरोलीचे गुरुजी आले होते. आपल्या खानदेशातलेच, अंगाने भरभक्कम, आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता यांचा प्रवास सुरू व्हायचा आहे. मग त्या वाटेचं वर्णन केलं. वाटेत काटे आहेत, तापलेली वाळू आहे, चिखल आहे, टोकदार दगड आहेत, सावली नाही, पाणी नाही, आणि मध्ये एक नदी आहे तिचं तर बोलूच नका. माझा या कशावर विश्वास नाही, तुला माहीत आहे. मी मनात म्हटलं, यात नवीन काय, पावसाळ्यानंतर हजिऱ्याच्या रस्त्याने कुणीही जाऊन पाहावं. पण मंदा पदराचं टोक घट्ट धरून ऐकत होती. गुरुजी म्हणाले, म्हणून तेराव्याला दान द्यायचं. जोडा द्यायचा, छत्री, काठी, दिवा, अंथरूण. वाहन दिलं तर उत्तमच, तेवढेच श्रम वाचतात. जे इथे द्याल ते तिथे त्यांना मिळेल.

तुझा नीरज बंगळूरहून आलेला. तो म्हणाला, "मम्मी, पप्पांची सायकल देऊन टाकू ना. आम पण कोण चलावणार?" मुलगा तुझाच, सुरतेत वाढलेला, एका वाक्यात दोन भाषा; नाहीतरी कोण चालवणार, असं म्हणायचं होतं त्याला. सगळ्यांना पटलं. वाहन घरातच उभं होतं.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मंदा मागोमाग आली. तीस वर्षं सुरतेत राहून ती बाहेर चांगलं शहरी बोलते, पण त्या दिवसांत तिची अमळनेरची बोलीच परत आली होती. दाराला टेकून म्हणाली, "भाऊजी, त्यासनी सायकल तुम्हीच नीट करी द्या." मी म्हणालो, करतो की. साफ करतो, तेल घालतो. ती म्हणाली, "तसं नही. वाट भलती खराब ऱ्हास म्हंतस. तुम्हना मायक जाड टायर लाई द्या."

माझ्यासारखे जाड टायर! मुकुंदा, मी तुझ्यावर खूप हसलो आहे, पण तेव्हा हसू आलं नाही. इतकी वर्षं आपण ओट्यावर बसून तावातावाने बोलायचो आणि ही आत पोळ्या लाटायची. मला वाटायचं तिचं लक्ष नाही. तिने सगळं ऐकलं होतं, आणि निकालही देऊन टाकला होता, माझ्या बाजूने. जिंकण्याची मी इतकी वाट पाहिली, आणि जिंकलो ते असा, तुझ्या बायकोच्या तोंडून, तुझ्या दहाव्याला. कसला आनंद होणार. पाण्याचा पेला तसाच ठेवून मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी तुझी सायकल घेऊन अडाजणच्या दुकानात गेलो. कारागिराने चाळीसचा एक टायर काढला, तुझ्या पुढच्या चाकाच्या त्या दोन दांड्यांमध्ये धरून दाखवला. दोन्ही बाजूंनी घासत होता. मागे तर शिरेचना. "साहेब, आमां चालीस नहीं बेसे," तो म्हणाला. "अठ्ठावीस सुधी, बस." म्हणजे अठ्ठावीसपर्यंतच. मी विचारलं, काही कापून, घासून जमवता येईल का. त्याने माझ्याकडे पाहिलं, वेड्याकडे पाहतात तसं. "काका, आखी सायकल बदलवी पडे."

म्हणजे तू अशी सायकल निवडली होतीस, जिच्यात चांगली अक्कल नंतर घालायलाही जागा नाही. खराब रस्ता नावाची गोष्ट जगात आहे हे तिला बनवणाऱ्यालाच मान्य नव्हतं, आणि तू ती हौसेने घेतलीस. मी दुकानाबाहेर उभा राहून तुला मनसोक्त शिव्या दिल्या. अठ्ठावीस लावून काय होणार होतं? तू तीन मिलिमीटरने पोचणार होतास का? आणि मंदाला काय सांगायचं होतं, की टायर बसत नाही, तेव्हा त्याला काट्यांतून तसंच जाऊ दे?

घरी येऊन रेडा बाहेर काढला. धुतला, पुसला, साखळीला तेल घातलं. शैला दारातून बघत होती. तिने आतून जुनं मऊ फडकं आणून दिलं.

तेराव्याला रेडा तुझ्या पार्किंगमध्ये उभा केला तेव्हा मंदाने ओळखला. म्हणाली, "त्यासले हाई सायकल आवडे नही."

मी म्हणालो, "आवडायची गरज नाही, मंदा. पोचायची गरज आहे."

तिने तबक पुढे ओढलं. मग हँडलला हळदकुंकू लावलं. रेड्याला बांधलेल्या माझ्या पिशवीत खाकऱ्याचा एक पुडा ठेवला, भूक लागली तर, साखर खाली यायला नको. मी पिशवी सोडवायला गेलो, कारण तीत माझा पंप होता, तुझ्या मापाची ती ट्यूब होती, चार हत्यारं होती. गुरुजींनी मला थांबवलं. दान द्यायचं ते पुरतं, म्हणाले, दिलेल्यातून काही काढून घ्यायचं नाही. मी म्हटलं, राहू दे. मग त्यांनी हातावर पाणी सोडायला लावलं, तुझं नाव, गोत्र घेतलं, आणि मंत्र संपताच कॅरियर दाबून पाहिला. खूश झाले. पोथ्यांची पिशवी बरोबर बसेल म्हणाले. तुझी सायकल भिंतीला टेकलेली दिसली तेव्हा विचारलं, ही कुणाची, आणि हिला घंटी कुठंय. मग रेड्यावर बसून पार्किंगमध्ये एक गोल फेरी मारली. टायर जरा दबले, बस. उतरून मंदाला म्हणाले, "ताई, आता यांना वाटेत त्रास नाही." तुझ्या मरणानंतर मंदा पहिल्यांदा नीट रडली ती तेव्हा.

तर मुकुंदा, तू रेड्यावरून गेला आहेस. जन्मभर ज्याला नाक मुरडलंस त्याच्यावरून. तिकडे रेड्यावर बसणारा एक आधीच आहे म्हणतात, तेव्हा तुम्हा दोघांचं जमेल. शिव्या द्यायच्या तर मला देत जा.

तुझी सायकल मंदाने मला दिली. नको म्हणता आलं नाही. आज रविवार. उजाडल्यावर तिच्यावर बसलो आणि उधना सोडेपर्यंत तुझ्या खानदानाचा उद्धार केला. रस्त्यातला खडा न् खडा मला येऊन भेटत होता. मनगटं बधिर, दात एकमेकांवर, आणि ती सीट, तिच्याबद्दल मराठी शाळेच्या मास्तराने काही लिहू नये. घंटी नाही म्हणून कुत्र्यांना, म्हशींना, पेपरवाल्यांना तोंडाने हाकारत गेलो. म्हटलं, ही वस्तू तू हौस म्हणून चालवत होतास. पाठीला मलम लावून घेत होतास आणि रविवारी पुन्हा चालवत होतास.

मग तापीचा पूल लागला. नुकतं डांबर केलेलं आहे तिथे, तू पाहिलं नाहीस, तू गेल्यानंतर केलं. काळाकुळकुळीत, एक खडा नाही. पुलाचा उतार सुरू झाला आणि आवाजच बंद झाला. चाकाचा नाही, कशाचाच नाही. मी पायडल मारत नव्हतो आणि तरी पूल मागे जात होता.

याबद्दल मी तुला एवढंच सांगेन की पूल छोटा आहे. त्या दिवशी टपरीवर तू जे विचारलं होतंस, त्यावरचं माझं राखून ठेवलेलं उत्तर आता उपयोगाचं राहिलं नाही. दुसरं उत्तर मी देणार नाही. ऐकायला तू असतास तरीही दिलं नसतं.

इच्छापोरच्या वळणावर मागचं चाक बसलं. तारेचा तुकडा, नखाएवढा. उतरलो, आणि हाताने खिशातून फोन काढलासुद्धा. तुझं नाव वरच होतं. मग फोन परत ठेवला. सायकल हाताने ढकलत टपरीपर्यंत आलो. चहावाल्याने सायकल पाहिली, मला पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं. "आज आप पंचर? और साहब?" मी सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. मग म्हणाला, "देखिए न, साहब के थैले में कुछ होगा."

मी म्हटलं, त्या थैल्यात काय असणार. तो माणूस बाटली अर्धी भरायचा. पण बघितलं. तुझ्या सीटखालची ती मुठीएवढी पिशवी, पट्ट्याचं टोक कापलेली, मी कधी उघडून पाहिली नव्हती. चेन कशीबशी सरकली, इतकी ती गच्च भरलेली होती.

आत एक ट्यूब होती. नीट घडी घालून रबर लावलेली, आपसांत चिकटू नये म्हणून पावडर टाकलेली. जाड. व्हॉल्व्ह मोटरसायकलला असतो तसा, तुझ्या चाकाच्या भोकात शिरणारसुद्धा नाही असा. मी उलटीपालटी करून आकडा वाचला. चाळीस. माझी. रेड्याची.

बाकी काही नव्हतं. तुझ्यासाठी काहीच नव्हतं.

ज्या माणसाने घंटीचं वजन सोसलं नाही, पट्ट्याचं टोक सोसलं नाही, त्याने हा गठ्ठा किती वर्षं सीटखाली वाहिला कोण जाणे. रबर कडक होऊन तुटायला आलं आहे, म्हणजे बरीच. आणि मी तुला दर रविवारी सांगत होतो की माझ्या टायरला पंक्चर होत नाही. तू मान डोलवत होतास. मूर्खा, एकदा तरी बोलायचंस. मी हसलो असतो, आणखी काय केलं असतं. मला तुझी आठवण येते, आणि हे असं रस्त्यात, एका चहाच्या टपरीवर, हातात ट्यूब घेऊन कळावं याचा मला भयंकर राग आहे.

चहा न पिता उठलो. सायकल हातात धरून चालत निघालो, कारण ही ट्यूब या चाकात बसत नाही. आणि अडाजणच्या जरा अलीकडे माझ्या लक्षात आलं, तेव्हापासून मला चैन नाही. तू तिकडे रेड्यावरून निघालेला आहेस. पिशवीत खाकरा आहे, पंप आहे, आणि जी ट्यूब आहे ती तुझ्या जुन्या बारीक चाकाची आहे. रेड्याची इथे माझ्या खिशात आहे. वाटेत काटे आहेत म्हणतात, आणि तिकडून "मास्तर" म्हणून फोन लागत नाही.

माझा या कशावर विश्वास नाही. तरी एवढं मागतो, की जाड टायरला पंक्चर होत नाही, हे मी तुला जन्मभर ऐकवलं ते खरं निघू दे.